खिरीच्या दुधातला दात

वैशाख पौर्णिमेच्या सकाळी बोरगाव मेघेतल्या आमच्या विहाराच्या पायरीवर मी रडत बसले होते. मांडीवर माझी जेमतेम चार वर्षांची लेक, तिच्या तोंडातून रक्त, आणि माझ्या मुठीत तिचा पुढचा दात! ज्यांना रोज शरण जाते, त्या तथागतांच्याच दारात हे का व्हावं? माझा विश्वास पार डळमळला होता.

झालं एवढंच, की पोरगी तोंडात शिट्टी धरून ओल्या फरशीवर धावली आणि तोंडावर आपटली. मी शाळेत शिकवते. पडलेला दात दुधात ठेवायचा, तो परत बसतो, हे मला पाठ! खीरदानासाठी आणलेलं कपभर दूध मी ओढूनच घेतलं.

"अवं, दूध खिरीले आणलं, दाताले काऊन?" सासूबाई ओरडल्या.

मी ऐकते कसली! दुधातून दात काढला आणि लेकीच्या हिरडीत दाबायला निघाले. तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरलं. पांढऱ्या साडीतली एक अनोळखी बाई.

"थांबा ताई! दुधाचा दात परत नाई बसवत. खाली पक्का दात तयार होऊन राह्यला, त्याले इजा होते."

त्या लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर होत्या. आईला घेऊन हिंगणीला निघाल्या होत्या आणि गाडी नेमकी विहारापुढे पंक्चर झाली. ते का झालं, याचा अर्थ मी लावत नाही. त्यांनी स्वच्छ ओलं फडकं हळूच दाबून रक्त थांबवलं, बाकीचे दात हलतात का ते पाहिलं आणि त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन हिरडीचा एक्स-रे काढला. हिरडीच्या आत पक्क्या दाताची पांढरी कळी, अगदी शाबूत! "नवा दात उशिरा येईन, पण येईन. मऊ खाऊ घाला, हिरडी सुजली तर लगेच आणा. अन् तोंडात काही धरून धावू देऊ नका," त्या म्हणाल्या.

मग वाट पाहणं सुरू झालं. वर्षं गेली. तिच्या वर्गातल्या पोरींचे नवे दात आले, आमची मात्र खिडकी उघडीच. माझा जीव वरखाली व्हायचा. हळूहळू कळलं, की हिरडीतलं काम माझ्या काळजीने लवकर होत नाही. त्रिशरण म्हणताना मग मागणं सुटलं, नुसते हात जोडले जाऊ लागले.

आणि आज सकाळी पोरगी किंचाळली, "आई, इथं टोचून राह्यलं!" मी बोट लावलं. दात! करवतीसारखी बारीक, पांढरी धार! मी हसले, रडले, तिला उचलून अंगणभर नाचले. त्या डॉक्टरबाईंचे आणि त्या पंक्चर झालेल्या चाकाचेही मनोमन आभार मानले. त्या दिवशी माझा हात थांबला, एवढंच मी केलं होतं. बाकी सगळं आपोआप होत राहिलं.

सासूबाईंनी चष्मा लावून दात नीट पाहिला, डोळे पुसले आणि पातेलं माझ्या हातात दिलं.

"जाय, दूध आणजो. आता खीरच करू."