वकीलकाकांच्या हातची फोड

“तिले एकबी फोड नाई भेटली काहून बे?”

“कशी भेटन? ती तोंडच उघडत नाई.”

माझ्या मागे बसलेले दोन कॉलेजकुमार कुजबुजत होते आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. बोलणाऱ्याला गप्प करण्यात आमच्या शेजारच्या वकीलकाकांचा हात धरणारं सगळ्या वऱ्हाडात कोणी नव्हतं. मी मात्र त्यांना तशी संधीच दिली नव्हती.

वकिली त्यांनी मध्येच सोडली. “कोर्टात सारेच बोलून राहिले, ऐकून कोणीच नाई राहिला,” हे कारण. मग दर रविवारी सकाळी अमरावतीतल्या आपल्या ओट्यावर ते विद्यार्थ्यांना चर्चा करायला शिकवू लागले. मांडीशी संत्र्यांची टोपली. कोणी फार वेळ बोललं की काका सोललेली फोड त्याच्यापुढे धरत. ती तोंडात टाकायची आणि चघळत दुसऱ्याचं ऐकायचं. हंगाम संपला की गुळाचा खडा. अकोटच्या एका कापूसवाल्याचा मुलगा यायचा, आवाज थेट जिनिंग गिरणीच्या भोंग्यासारखा. टोपलीतला निम्मा माल त्याच्याच पोटात जाई, आणि गुळाच्या दिवसांत त्याची दाढ दुखे.

काकांचा दुसरा नियम याहून कडक होता. समोरच्याला खोडायचं तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं आणि त्याने “हो, हेच” म्हटल्यावरच पुढे जायचं. हा नियम ते घरातही पाळत. काकूंनी मीठ आणायला सांगितलं की हे सुरू, “म्हणजे तुझं म्हणणं असं, का घरातलं मीठ...” “अवो, आधी मीठ आणा, मग म्हणणं मांडा!” काकू आतून ओरडत. एकदा पोरांना अकोल्याच्या वादसभेला न्यायचं होतं. बडनेरा स्टेशनच्या दारात टांगेवाला सहज म्हणाला, रस्ते खराब, घोडं थकतं. काकांनी त्याचं गाऱ्हाणं इतकं मन लावून मांडलं की टांगेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आगगाडी निघून गेली. “गेली तर जाऊ द्या,” काका म्हणाले, “यानं तर हो म्हटलं!”

मी मिशनच्या इंग्रजी शाळेतली. मनात मराठी वाक्य नीट जुळवून होईतो विषय पुढे गेलेला असे. मला नागपूरच्या कॉलेजात जायचं होतं आणि माझ्या वडिलांचा, आप्पांचा, नकार ठाम होता. “चार माणसांत जिचं तोंड उघडत नाही, ती परक्या गावी वसतिगृहात काय करणार?” काकांनी ते ऐकलं, मांडून दाखवलं, आप्पांकडून “हो, हेच” वदवून घेतलं आणि पुढच्या रविवारचा विषय जाहीर केला : मुलींना शिकायला परगावी पाठवावं का. आप्पांना खास पाट मांडला.

अकोटचा भोंगा विरुद्ध बाजूने बोलला. पोरीच्या काळजीने बापाची झोप उडते वगैरे. तो फोड चघळू लागला आणि काकांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत बोलायची मला सवय नव्हती. पण इतके महिने मी दुसरं केलं काय होतं, ऐकलंच तर होतं! मी त्याचं म्हणणं मांडलं : बापाची झोप, आईचा घोर, आणि त्याने न बोललेली गोष्टही, की घर सुनं होतं. “हो, हेच,” तो म्हणाला. “माह्यापेक्षा बरं सांगतलं हिनं!” मग मी माझ्या बाजूने बोलू लागले, आणि थांबेचना.

आज नागपुरात संत्रं सोलताना काकांची आठवण होते. त्या ओट्यावर आता कोणी बसत नाही. पहिली फोड मी अजूनही तळहातावर क्षणभर धरून ठेवते.

त्या दिवशी आप्पा मध्येच “पण मी म्हणतो...” म्हणत पुढे सरकले आणि त्याच वेळी काकांचा हात माझ्यासमोर आला. हातात माझी पहिली फोड होती. काका गालात हसत होते. मी ती घेतली आणि आप्पांच्या हातावर ठेवली.

“आप्पा, ही तुम्ही खा. माझं अजून संपलेलं नाही.”