बिनविजेचा डबा

कारखान्यात माझ्या काकाचं काम मशीनचं ऐकायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत बेअरिंग असते, म्हणजे गोळ्यांची कडी, तिच्यावर सगळा दांडा फिरतो. ती झिजायला लागली की बाकी कुणाला पत्ता नसायचा, पण काका सांगायचा, "ही बाई या आठवड्यात जाते." आणि जायचीच. कामगार त्याला डॉक्टर म्हणायचे.

मी त्याच्याकडेच वाढले. आईबाप आहेत मला, पण त्यांना एकमेकांशी भांडण्यातून सवड नव्हती. नववीत शाळा सोडली तेव्हा अख्खं खानदान माझ्यावर तुटून पडलं. काका एवढंच म्हणाला, "भिंगरी आहे ती. तिला एका जागी बसवत नाही. मला तरी कुठे बसवत होतं?" तेव्हापासून काकाबद्दल कुणी वाकडं बोललं की त्याची गाठ माझ्याशी.

कामावरून आला की काका अंघोळ करायचा आणि बाहेरच्या खोलीत गाणी लावायचा. दिवसभर खडखडाट ऐकून कान आंबतो, तो गाण्याने धुऊन काढायचा, असं त्याचं म्हणणं. सीडी प्लेअर, मोठा अँप्लिफायर, दोन स्पीकर, सगळं जुन्या बाजारातून आणून स्वतः दुरुस्त केलेलं. प्लेअर आणि अँप्लिफायरच्या मध्ये एक प्रीअँप होता. गाणं आधी त्यात जायचं, तो ते विजेवर फुगवायचा आणि पुढे द्यायचा. आवाजाचं बटणही त्यालाच.

मग कारखान्यात हवेचा मोठा पंखा जाम झाला. काकाने आदल्याच दिवशी ऐकून "ठणठणीत आहे" म्हणून सांगितलं होतं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काय डॉक्टर, पेशंट दगावला की." लोक हसले. नंतर त्यांनी काकाला केबिनमध्ये बोलावलं. "पुढच्या महिन्यात दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवायच्या आधी सगळी मशीनं ऐकून सांगा. चुकलात तर आपण मशीनची थरथर मोजणारा मीटर घेऊ. तुम्ही स्टोअरला बसा."

काका घरी आला, जेवला नाही. म्हणाला, "दोष या प्रीअँपचा आहे. सारखी सूं येते त्यातून. रोज तीच कानात बसते, मग मशीनमधली बारीक कुरकुर कशी कळणार?"

"नाचता येईना अंगण वाकडं," काकू भांडी घासता घासता म्हणाली.

"काकू, तू गप बस."

"मी गप बसले म्हणून अंगण सरळ होतं का?"

मी स्पीकरला कान लावला. सूं होती. अगदी बारीक, पण होती. मला बरं वाटलं. काकूला तिथूनच ओरडून सांगितलं, "आहे गं, खरंच आहे."

रविवारी काकाने एक पत्र्याचा डबा घेतला, त्याला भोकं पाडली, आत एक बटण बसवलं आणि तापलेल्या डाखणीने कथील लावून चार वायरी जोडल्या. झाला नवीन प्रीअँप. मी म्हटलं, "याची विजेची वायर कुठंय?"

"नाहीच. हा काही फुगवत नाही. आलं ते पुढे सोडतो, जास्त झालं तर अडवतो. जो खातच नाही तो ढेकर कुठून देणार?"

जुना काढला, डबा जोडला. गाणं लावलं. बटण बरंच पुढे फिरवावं लागलं, पण आवाज असा स्वच्छ आला की गाणाऱ्या बाईने श्वास कुठे घेतला तेही कळलं. मग काकाने गाणं थांबवलं आणि आम्ही दोघांनी एकेका स्पीकरला कान लावला.

काही नव्हतं. रिकाम्या माठात तोंड घातल्यासारखं शांत.

"येतेय ना अजून?" काकाने विचारलं.

त्याचं तोंड पाहिलं आणि मला सगळं समजलं. सूं डब्यात नाही, स्पीकरमध्ये नाही. जिथे आहे तिथे डाखणी पोचत नाही.

"येतेय," मी म्हटलं. "थोडी."

त्याचे खांदे सैल झाले. "मग वायर असणार."

त्याने वायरी बदलल्या. स्पिरिटने सगळ्या खाचा पुसल्या. फ्रिज स्वयंपाकघराच्या पार दुसऱ्या टोकाला नेला, त्यावरून काकूची बडबड ऐकली. रोज संध्याकाळी मला विचारायचा आणि रोज मी म्हणायचे, आहे, पण कालच्यापेक्षा कमी. काकू मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "कशाला गं लावून ठेवतेस त्याला?" मी म्हटलं, महिना तर जाऊ दे. ती पदर तोंडाशी धरून आत गेली.

बंदचा दिवस जवळ आला. मशीनं ऐकायच्या आदल्या संध्याकाळी काकाने मला स्पीकरपाशी बसवलं. मी भिंतीकडे तोंड करून, कान लावून. तो मागे काहीतरी करत होता.

"आता?"

"येतेय."

"आता?"

"येतेय जरा जरा."

"आता गं?"

"आहे अजून."

मागून काहीच आवाज आला नाही म्हणून मी वळले. काका खाली बसला होता. प्लेअरचा प्लग, अँप्लिफायरचा प्लग, स्पीकरच्या वायरी, सगळं त्याच्या मांडीवर. भिंतीत काहीच लावलेलं नव्हतं.

"मलाही येतेय," तो म्हणाला.

काकू दारात उभी होती. मग काकाच म्हणाला, "भिंगरी, शाळेत राहिली असतीस तर कॉपी करताना पहिल्याच दिवशी सापडली असतीस."

दुसऱ्या दिवशी मशीनं ऐकायच्या आधीच त्याने साहेबांना सांगून टाकलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. आयुष्यभर मशीनपाशी उभं राहून नस गेली, औषध नाही, सवय होईल, म्हणाले. सवय होईल म्हणे. माझा हात उठला होता, काकाने धरला.

आता तो स्टोअरच्या खिडकीत बसतो. नटबोल्ट देतो. कारखान्यात मीटर आलाय. त्याला कुणी डॉक्टर म्हणत नाही. एकाने एकदा म्हटलं, चेष्टेने. मी गेटवर जाऊन त्याला गाठलं, ते वेगळं.

आणि तो पत्र्याचा डबा त्याने काढून टाकला. स्वच्छ होता, पण त्याच्यात दम नव्हता. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी काकाच्या डोक्यातली सूं गाण्यावर चढायची. जुना प्रीअँप पुन्हा जोडलाय, तो फुगवतो. शेजारचे येतात आवाज कमी करा म्हणून, मग दारात मी उभी राहते. काकू हल्ली काही बोलत नाही, नुसती खिडक्या लावून घेते.

काल एक गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात काकाने विचारलं, "याच्यातून सूं येतेय का गं?"

"येतेय."

"खरं सांग."

"खरंच येतेय काका. हा जुना आहे, याच्यातून येतेच."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. विश्वास बसला नाही, दिसत होतं. हात लांब करून त्याने बटण अजून पुढे फिरवलं.