आईच्या गालातलं औषध

मंडळी, आज आईचा रिपोर्ट आला. गालातल्या गाठी टीबीच्या नव्हत्याच. दोनदा टीबीचा कोर्स उगाच केला तिने!

नव्या डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवून आईला विचारलं, "गालात कधी इंजेक्शन घेतलंय?" आधीच्या डॉक्टरांनीही विचारलं होतं. तेव्हा आई "नाही" म्हणायची.

आज खाली बघत म्हणाली, "एकाहत्तर साली. तोंडावर देवीचे वण होते. राई गावाहून मुलाकडचे बघायला येणार, म्हणून माझ्या आईने इंजेक्शनने गाल भरून आणले. नवऱ्याला कधी कळू देऊ नकोस म्हणाली."

ते औषध आता गालभर पसरलंय, त्याच्याच या गाठी. काढता येणार नाही म्हणे.

बाहेर बाबा म्हणाले, "इतके डॉक्टर झाले, पण हिला एकटीला आत कधी सोडलं नाही मी."

या माणसाला काय सांगू?