खंडेनवमीला आंघोळ घातलेली मोटार

मंडळी, आज दसरा. पण माझी सकाळ एका रुसलेल्या मोटारीसमोर गेली.

शेजारचे रंगराव कापसाचे व्यापारी. त्यांची उघडी, दोन आसनांची शर्यतीची मोटार साऱ्या नवीन जालन्याला ठाऊक आहे. आज ती सुरूच होईना. परतूरला जाऊन थोरल्या भावाला सोने द्यायचे आणि जुना अबोला संपवायचा, असे त्यांनी मोठ्या कष्टाने ठरवले होते.

"मास्तर, जल्दी करा. आज न्हाई गेलो तर मंग हिंमत व्हायची न्हाई."

"क्रमाने पाहू," मी म्हणालो. दिवे लख्ख लागत होते, म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोलही कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचत होते. मग प्लगची तार इंजिनाजवळ धरून रंगरावांना स्टार्टर दाबायला लावला, तर ठिणगीच नाही! प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडले. आत पाणी आणि हळदकुंकवाचा लगदा!

"काल खंडेनवमीला इंजनालाबी आंघोळ घातल्ती," रंगराव ओशाळून म्हणाले.

त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, हसल्या. "देवाला न्हाऊ घातल्यावर पुसता नं? मंग यालाच ओलं ठेवलं व्हय?"

अगदी बरोबर! वीज ओलाव्यातून पळवाट काढते आणि प्लगपर्यंत पोहोचतच नाही. झाकण कोरडे पुसून बसवताच मोटार गरजली.

आपट्याची पाने मांडीवर घेऊन वहिनी मोटारीत बसल्या. रंगरावांनी हळूच विचारले, "मास्तर, दादासमोर पहिला शब्द काय काढू?"

मी बॉनेट बंद केले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तुम्ही काय सांगितले असते?