कचरूच्या नावाची शर्यत

रामहरीसारखा भोळसट गडी अख्ख्या मुकुंदवाडीत हुडकून सापडला नसता. भोळेपणाचं कौतुक करणाऱ्यांनी त्याची गोष्ट आधी ऐकावी, मग तोंड उघडावं.

घर मेंढक्यांचं. कळपाला नाव थोरल्याचं, मेंढरं कुणाचीही असोत. लोक म्हणायचे, "धोंडिबाचा कळप आला!" पण प्रत्येक मेंढराच्या कानाला ज्याची त्याची खाच, म्हणून कुणाचं जनावर कुणाकडं जायचं नाय. दुष्काळात चारा संपला, मेंढरं बाजारात गेली आणि रामहरी चितेगावच्या कारखान्यात हेल्पर झाला. पुढच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून कारखानाही अर्धा बंद पडला, अन् पहिली कुऱ्हाड रामहरीवरच आली.

हाताला काम नाय. पण घरात शहागंजातून आणलेला गेमचा जुना डबा होता. टीव्हीला जोडला की गाड्यांची शर्यत सुरू. रामहरीचं त्यात असं मन बसलं, की बस्स! भरधाव गाडी वळणावर अशी काढायचा, की बघणाऱ्यानं श्वास धरावा. चुलतभाऊ कचरू मात्र दर वळणाला भिंतीत. तरी डब्यानं पहिल्यांदा नाव विचारलं, तेव्हा रामहरीनं इंग्रजी अक्षरं हुडकून हुडकून कचरूचंच टाकलं. का? तर तो थोरला. घरात रेशनकार्ड थोरल्याच्या नावावर, लाईटचं मीटर थोरल्याच्या नावावर, मग शर्यत तेवढी धाकट्याच्या नावावर कशी? कचरू तेव्हा लई हसला. "भाऊ असावा तर असा!" म्हणाला.

अशात क्रांती चौकात काकासाहेबांनी गेमचं नवं दुकान टाकलं. गिऱ्हाइकाला खेळून दाखवायला त्यांना माणूस पाहिजे होता. अट एकच: जिंकलेल्या शर्यती ज्यात साठतात ते मेमरी कार्ड घेऊन यायचं.

"आई, हे काम मलाच लागतंय बघ!" रामहरी कस्तुराबाईला म्हणाला. आणि नेमका दुकानात जायच्या सकाळीच गल्लीत पाण्याचा टँकर आला. आईची कंबर धरलेली. पाणी सोडून जायचं कसं? त्यानं कार्ड कचरूच्या हातात दिलं.

"दादा, तू फुडं हो, नंबर धर. मी ड्रम भरून आलोच."

ओल्या कपड्यानिशी धावत तो दुकानात पोचला, तर कचरू काउंटरच्या आत उभा!

"साहेब, ते कार्ड माझं हाय," रामहरी धापा टाकत म्हणाला.

काकासाहेबांनी पडद्याकडं बोट केलं. "नाव तर कचरूचं दिसतंय."

"दादा, सांग की रं!"

कचरू पडद्याकडंच बघत राहिला.

रामहरीनं रिमोट ओढून घेतला आणि तिथंच शर्यत लावली. गाडी कुठं घासली नाय, पहिली आली. काकासाहेब खूष झाले. "वा रे पठ्ठ्या! कुणी शिकवलं?"

"मीच," कचरू म्हणाला. "धाकटा भाऊ हाय माझा."

"मग आपल्याला गुरूच बरा!" काकासाहेब हसले. दुकानातले सगळे हसले. परक्यानं लुटलं असतं तर रामहरीनं आरडाओरडा केला असता, पण घरच्यानंच केसानं गळा कापल्यावर बोंब कुणाच्या नावानं मारायची?

संध्याकाळी कचरूची आई गोजरबाई पेढे वाटत आली. मागं इस्त्रीच्या शर्टात कचरू. कस्तुराबाईला बिचारीला काय ठाऊक? तिनं लेकाला ढोसलं. "बघतोस काय नुसता? थोरला हाय तुझा, पाया पड."

रीत मोडायची रामहरीची हिंमत नव्हती. तो वाकला, आणि वाकूनच हळू बोलला, "दादा, नाव तुझं होतं. खाच माझी होती. आपल्या घरात आजवर दुसऱ्याचं मेंढरू कुणी विकलं नव्हतं."

आशीर्वादाला उचललेला कचरूचा हात तसाच राहिला.

"कसली रं खाच?" कस्तुराबाईनं विचारलं.

कचरूनं पेढा तिच्या तोंडाशी नेला. "खा काकू," तो म्हणाला, "तोंड गोड कर."