दिन्याचा नंबर

"आमचो दिनू गेलो गो, मने..." मावशीचा फोन आला तेव्हा मी पवईच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते, आणि त्याआधी दोनदा मी तो कट केला होता. हे आधीच सांगून टाकते, नंतर धीर होणार नाही. दिनेश, माझा मावसभाऊ, माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. घाटकोपरला त्याचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. सकाळी शटर वर केलं, छातीत कळ आली, स्टुलावर बसला तो बसलाच. दीड महिना झाला. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं, किती सरळ माणूस होता. मीपण लिहिलं. आणि ह्याच सरळ माणसाला तीस वर्षं चारचौघांत लबाड म्हणत हिंडणारी बाई मीच.

आमची सुट्टी त्यांच्या चाळीतल्या खोलीत जायची. मी मुलुंडची, कॉन्व्हेंटमधली, अंगात जरा शिष्टपणा. दिन्या मराठी शाळेतला. बसच्या पाटीवरचा मराठी चार मला हमखास आठ वाटायचा आणि मी भलत्याच बसकडे धावायचे. मग दिन्या फ्रॉक धरून मागे ओढायचा, "अगो बाय, चार आहे तो! कुठे चाललीस?" त्याच्या काकांनी दुबईहून टीव्हीला जोडायचा गेमचा सेट आणला होता आणि सोबत एकच कॅसेट. तिच्यावरची अक्षरं जपानी का कुठली ती कुणालाच वाचता येत नव्हती, म्हणून आम्ही त्या गेमला नुसतं 'बंगला' म्हणायचो. डोंगरावरचा काळा बंगला, मागे लाल चंद्र, वटवाघळं, थडग्यातून उठणारे सांगाडे... आपला माणूस मशाल घेऊन जिने चढत जायचा. सगळ्यात वरच्या मजल्यावर शवपेटीत झोपलेला रक्तपिपासू सरदार असतो असं काकांनी सांगितलेलं. दिन्यानं त्याचं नाव ठेवलं घरमालक. चाळीतल्या पोरांना त्याहून भयंकर कोण माहीत असणार? सांगाडा दिसला की आतून मावशी ओरडायची, "अरे मेल्यांनो, तिन्हीसांजेक भुतां कसली बघतंत?" आणि स्वतःच दारात उभी राहून बघायची. नियम ठरलेला होता. एक लाइफ तुझी, एक माझी. मी मेले की रिमोट खाली ठेवायचा, त्याचा माणूस दारातून आत यायचा. त्यानं कधी माझी पाळी खाल्ली नाही... हे मला तेव्हाही माहीत होतं.

दर मजला संपला की पडद्यावर आठ आकडे यायचे. पुढच्या वेळी ते टाकले की तिथूनच सुरू. आकडे नेहमी दिन्याच टाकायचा, त्याला पाठ असायचे. सातवीच्या दिवाळीत आम्ही शेवटच्या दारापर्यंत पोचलो आणि तेवढ्यात बाबा मला न्यायला आले. मी रडून गोंधळ घातला, सेट चार दिवस मुलुंडला हवाच. मावशी नको म्हणत होती. दिन्यानंच सगळं पिशवीत भरून दिलं. कॅसेटच्या पाठीवर चिकटपट्टी लावून पेनानं नंबर लिहिला आणि म्हणाला, "घरमालकाला एकटी मारू नको हां. माझ्यासाठी थांब."

मी कसली थांबतेय! घरी पोचल्या पोचल्या नंबर टाकला. पडद्यावर फुली. परत टाकला, परत फुली. वीसेक वेळा तेच. माझ्या डोक्यात एकच बसलं, मी एकटीनं जिंकू नये म्हणून दिन्यानं मुद्दाम चुकीचा नंबर दिला. रागानं वायर खेचली आणि सेट टेबलावरून खाली. पुन्हा लागलाच नाही. मग मी काय केलं? परत देताना सगळ्यांसमोर मीच आधी बोंब मारली, "सेट आधीपासून बिघडलेला होता आणि नंबरही खोटा. लबाड आहेस तू!" तो एवढंच म्हणाला, "नंबर बरोबर आहे गो मने. आईशप्पथ." सेटबद्दल त्यानं विचारलंही नाही. काकांनी त्याला दोन थपडा दिल्या, नवीन वस्तू नीट वापरता येत नाही म्हणून. मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही.

बरं, पोरवयात झालं, संपलं, असं म्हणावं तर तेही नाही. मी तो किस्सा पाळला. राखीपौर्णिमेला, त्याच्या लग्नाच्या पंगतीत, मुलीच्या बारशाला... "ह्याच्या नंबरवर भरवसा ठेवू नका हां!" सगळे हसायचे, तोही हसायचा. पुढे आमच्या ऑफिसच्या इमारतीत मेंटेनन्सला माणूस हवा होता. दिन्यानं अर्ज केला. पक्की नोकरी, त्याला ती फार हवी होती. आमच्या साहेबांनी मला विचारलं, "भाऊ ना तुमचा? कसा आहे?" आणि मी, जिभेला हाड नसलेली बाई, तोच किस्सा रंगवून सांगितला. साहेब खूप हसले. नोकरी दुसऱ्याला लागली. मी स्वतःला सांगितलं, त्याचं शिक्षण कमी पडलं असेल.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला होता. आवाजात शाळकरी पोराचा आनंद. "मने, सेट चालू केला मी! आतली एक पट्टी तुटलेली, टाका मारला. आणि ऐक ना, नंबर चालतो यार! शेवटचं दार उघडतं. रविवारी ये, संपवून टाकू एकदाचं." मी म्हटलं, "आता दुसरा कुठलातरी नंबर शोधून काढला असशील तू, लबाडा." तो म्हणाला, "ये तर खरी." त्यानंतर किती रविवार गेले. मी गेले नाही.

तेराव्याला गेले. जेवणं झाल्यावर स्वातीनं, त्याच्या बायकोनं, एक पिशवी पुढे केली. "मनीषाताई, हे तुमच्यासाठी ठेवलं होतं त्यांनी. पुढे कधी खेळले नाहीत. म्हणायचे, मनी आली की." आत सेट, दोन रिमोट आणि कॅसेट. पाठीवर तीच चिकटपट्टी, पिवळी पडलेली. मी बघितलं, 8930... तोच नंबर. इतक्या दुःखातही मनात आलं, बघ, तोच खोटा नंबर! चष्मा लावून स्वाती माझ्या खांद्यावरून वाचायला लागली, "चार, एक, तीन, शून्य..."

मी म्हटलं, "काय वाचलंस?"

"चार एक तीन शून्य, दोन एक चार दोन. मराठीत लिहिलंय ना."

४१३० २१४२. चार तो, अगो बाय. आठ नाही. मराठी शाळेतल्या पोरानं त्याला येणाऱ्या आकड्यांत नंबर लिहिला होता, आणि कॉन्व्हेंटच्या शहाणीनं चाराचा आठ केला, एकाचा नऊ केला, आणि स्वतःच्या चुकीला त्याचं नाव दिलं. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की त्याचा बरोबर नंबर माझ्याकडे का चालला नव्हता. मी रडायला लागले, स्वातीला सगळं सांगितलं, सेट मीच पाडला होता तेही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नोकरीच्या वेळी त्या साहेबांनी ह्यांना विचारलं होतं, चुकीचा नंबर देणारे तुम्हीच ना? घरी येऊन म्हणाले, मनी गमतीत बोलली असेल." तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि मावशीला गोळी द्यायला आत निघून गेली. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. का म्हणावं?

गेल्या रविवारी दुपारी मी मुलुंडच्या घरी सेट जोडला. दुकानात जुना टीव्ही होता तोच स्वातीकडून मागून आणला. कॅसेटला फुंकर मारली, दोन खेळाडू निवडले, चार, एक, तीन, शून्य, दोन, एक, चार, दोन. फुली आली नाही. दार उघडलं. शवपेटीचं झाकण सरकलं आणि घरमालक उठून उभा राहिला, एवढासा, ठिपक्याठिपक्यांचा. मला कुठे जमतंय, चार पावलांत मेले. सवयीनं रिमोट खाली ठेवला.

मग त्याची पाळी आली. दिन्याचा माणूस मशाल घेऊन दारात येऊन उभा राहिला. दुसरा रिमोट सतरंजीवर पडलेला होता. माझ्यासाठी थांब, म्हणाला होता... मी त्याला हात लावला नाही.