जानरावले हरवलं

तिवशाच्या जानरावांनी नेपाळातल्या मुक्तिनाथाचं मावंदं आधी घातलं आणि यात्रेला नंतर गेले. हे वाचून ज्याला हसू येईल त्यानं एक वर्ष वांग्याचा मळा करून पाहावा, मग हसावं.

मावंदं म्हणजे यात्रेहून सुखरूप आल्यावर गावाला घातलेलं जेवण. रीत तीच. पण त्या वर्षी जानरावांच्या मळ्यात वांगी अशी लागली की तोडायला हात पुरेनात, आणि बाजारात त्यांच्याकडे कुत्रं बघेना. त्यांच्या बायको रुख्मिणीबाई सकाळी टोपली घेऊन बसायच्या आणि संध्याकाळी तीच टोपली घेऊन घरी यायच्या. यात्रा पुढच्या महिन्यात. ती होऊन परत येईपर्यंत वांग्यात नुसत्या बिया राहिल्या असत्या.

"वांगं थांबते का देवासाठी?" जानराव म्हणाले आणि त्यांनी गाव बोलावलं.

गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजले, कढईभर वांग्याची भाजी झाली, वरणावर तेलाचा लाल तवंग. मी पहिल्याच पंगतीत होतो. उगाच सोवळेपणा दाखवत नाही, रोडगा मी मागून मागून खाल्ला. जेवून उठलेला प्रत्येक माणूस रिवाजाप्रमाणे दोघांच्या पाया पडला. न गेलेल्या यात्रेकरूंच्या पाया पडणारं आमचं गाव बहुधा एकटंच असेल. पण पोट भरल्यावर गाव काळवेळ बघत नाही.

त्या रात्री भांडी घासता घासता रुख्मिणीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, गावानं खाल्लं ते मुक्तिनाथाच्या नावानं. आता त्याचं तोंड न पाह्यता वापस आलो तं ते काय झालं? नुसतंच वांगं झालं."

हे वाक्य जानरावांच्या छातीत जाऊन बसलं. पाया पडून घेतलेला माणूस तो. मुक्तिनाथ राहिला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

जानराव कोण, हे सांगायचं तर एवढंच सांगतो. आम्ही पाण्यासाठी ठिय्या दिला होता, तेव्हा हा माणूस सगळ्यात पुढं बसला होता. संध्याकाळी मागणी मान्य झाली, आम्ही घोषणा देत घरी गेलो. जानराव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथंच बसलेले. मी धावत गेलो. म्हणाले, "मले कोनी उठ म्हनलं नाही." पुढारी म्हणवणाऱ्यांनी असा एक माणूस सांभाळून दाखवावा.

तर असा माणूस बायकोला घेऊन नेपाळच्या बसमध्ये बसला. बस अमरावतीची, सोबत आचारी, पीठमीठ, आणि वर धर्मेंद्र नावाचा तरुण टूर मॅनेजर. केसांना जेल, गळ्यात शिट्टी. अयोध्या झाली, लुंबिनी झाली, बस पोखऱ्याला पोचली. पहाटे धर्मेंद्रनं सगळ्यांना एका टेकडीवर नेलं. समोर हिमालय उजळला, पांढराशुभ्र, आधी टोकं केशरी आणि मग सगळाच. आमच्या सपाट मुलखातली माणसं मान वर करून करून थकली. धर्मेंद्रनं शिट्टी मारली आणि बोट दाखवलं.

"तो डोंगर दिसला का? त्याच्या मागं मुक्तिनाथ. हात जोडा. झालं मुक्तिनाथ दर्शन. चला, नाश्ता."

लोकांनी हात जोडले. देवाचा धंदा करणाऱ्यांची ही जात मला चांगली माहीत आहे. पत्रकावर 'दर्शन' छापतात, 'नेतो' छापत नाहीत.

जानरावांनी हात जोडले नाहीत. "डोंगराच्या मांगून दर्शन होते म्हन्ता? मंग मी तिवशातूनच कावून नाही घेतलं? तिवशाच्या बी पुढंच कुठंतरी हाये तो."

"काका, वर रस्ता खराब आहे. वेळ नाही. उद्या काठमांडू."

"गाव जेवलं हाये माह्यं," जानराव म्हणाले.

धर्मेंद्रला यातलं काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

बस खाली तळ्याकाठी चहाला थांबली. जानरावांनी ठिय्या जाहीर केला. मुक्तिनाथ नाही तर बस नाही. पण उतरण्याआधी त्यांनी एक काम केलं. आपल्या सीटवर पिठाचं गाठोडं उभं केलं आणि त्यावर आपली माकडटोपी चढवली. शेजारी रुख्मिणीबाईंची पिशवी, तिला शाल गुंडाळली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस, त्याला कोण काय शिकवणार? आंदोलन वेगळं, जागा वेगळी.

मग दोघं तळ्याच्या कठड्यावर बसले. बसकडे पाठ करून, निषेध म्हणून.

धर्मेंद्रनं बसमध्ये डोकी मोजली. टोपी एक, शाल एक. काका रुसून झोपलेत, उठवलं तर पुन्हा डोंगर निघेल. त्यानं चाळीस मोजले आणि शिट्टी मारली.

"अवो, गाडी सुरू झाली," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"भेव दाखवून राह्यला. मांगं पाहू नको."

"अवो, हालली गाडी."

"पाह्यलं का हारलो आपन. समोर पाह्य. बदकं पाह्य."

त्यांनी बदकं पाहिली. मागं शांत झालं तेव्हा वळले. बसच्या जागी ऑइलचा डाग होता आणि त्याचा वास घेणारं एक कुत्रं. फोन काढला, तर तिवशाचं सिम नेपाळात मुकं.

जवळच पोलीस चौकी होती. तिथला साहेब तरुण, गोल चेहऱ्याचा, नेपाळीत बोलणारा. हिंदी त्याला येत होती. जानरावांनाही येत होती. पण साहेब पहिल्याच वाक्यात 'बा' म्हणाला. "के भयो, बा?" म्हणजे काय झालं, बा? म्हाताऱ्या माणसाला तिकडं तसं म्हणतात, आमच्याकडे बापाला. आणि जानरावांना वाटलं, हा तर आपलाच. आपल्या माणसाशी हिंदीत बोलणं त्यांना नाटकी वाटतं. ते सरळ वऱ्हाडीवर आले.

"मले हरवलं हो यायनं!"

आता इथं नीट लक्ष द्या, सगळा घोळ एका 'ले'चा आहे. आमच्या वऱ्हाडीत 'मले हरवलं' म्हणजे मला हरवलं. नेपाळीत 'मैले' म्हणजे मी. त्यांचा 'ले' लागतो करणाऱ्याला, आमचा लागतो भोगणाऱ्याला. साहेबानं ऐकलं, या म्हाताऱ्यानं काहीतरी हरवलंय.

"के हरायो, बा?"

"हो, हरवलं! पुरी बस गेली."

"बस?" साहेब खुर्चीतून उठला. "कति जना?"

"चाळीस जनं," जानराव म्हणाले. मोजताना ते स्वतःला नेहमी धरतात.

"चालीस जना!"

डोंगरातल्या देशात चाळीस माणसांची बस हरवली म्हणजे काय, हे तिथल्या पोलिसाला सांगावं लागत नाही. वायरलेस किंचाळू लागला. एक जीप पूर्वेला गेली, एक पश्चिमेला. कुणीतरी दोर आणले. साहेबानं जानरावांच्या खांद्यावर हात ठेवला, चहा मागवला. जानरावांना भरून आलं. आपल्या दोघांसाठी एवढी धावपळ! ते बायकोला हळूच म्हणाले, "पाह्य, आपल्या इथं मोर्चा काढला तरी शिपाई उठत नाही."

दोन तासांच्या रस्त्यावर बस सापडली, धडधाकट, आत अंताक्षरी चाललेली. पोलिसांनी ती अडवली आणि सगळ्या यात्रेकरूंना खाली उतरवून मोजलं. अडतीस.

"चाळीस आहेत, सर," धर्मेंद्र शपथेवर म्हणाला. "दोघं वर झोपलेत."

शिपाई वर चढला. त्यानं म्हाताऱ्याला हलवलं. म्हातारा हलला नाही. त्यानं हळूच टोपी काढली तर आत ज्वारीचं पीठ.

चौकीत निरोप आला, अडतीस सापडले, दोन बाकी. साहेबानं कपाळाला हात लावला. जानरावही हादरले. "दोन कोन राह्यले बाप्पा?" असं म्हणत ते शिपायासोबत तळ्याकाठी शोधायला निघाले. दोघांनी झुडपं पाहिली, नावांखाली पाहिलं. जानराव प्रत्येक देवळाच्या पायरीवर हाका मारत होते. कुणाच्या नावानं, ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

रुख्मिणीबाई चहा संपवून बाहेर आल्या. "अवो, या इकडं. ते दोन आपनच."

दुपारी बस चौकीसमोर परत उभी राहिली. साहेबाचा कारभार चोख. ज्यानं माल हरवला, त्यानं ओळख पटवून ताब्यात घ्यायचा. अडतीस वऱ्हाडी माणसं ओळीनं उभी केली आणि जानराव तहसीलदारासारखे त्यांच्यासमोरून चालले.

"ही वच्छलाबाई, चांदूर रेल्वेची. आमचीच हाये."

"काय आमचीच!" वच्छलाबाई फणकारल्या. "मले रुद्राक्ष घ्याचे होते काठमांडूले, अन् तुमी मले मुद्देमाल करून टाकलं."

ओळ संपली. शेवटी धर्मेंद्र उभा होता. केसांचं जेल वितळलेलं.

जानरावांनी त्याला खालून वर पाहिलं. "याले मी नाही ओयखत."

"काका!"

"साहेब, हा आमच्यातला नाही."

साहेबाचा चेहरा बदलला. चाळीस माणसं घेऊन निघालेला, आणि त्या माणसांच्या मालकाला अनोळखी असलेला इसम! शिपाई धर्मेंद्रच्या दोन्ही बाजूंना येऊन थांबले. धर्मेंद्रनं जानरावांचा हात धरला. "काका, हात जोडतो. काय पाहिजे?"

"तू तं डोंगराले हात जोडाले सांगतो. मले कावून जोडते?"

"नेतो! मुक्तिनाथला नेतो!"

"डोंगराच्या मांगं?"

"मागं. दारात. देवासमोर उभं करतो."

"मले ओयख आता लागून राह्यली," जानराव साहेबाला म्हणाले. "आमचाच हाये. जरा सुकला."

बस तिथवर चढत नाही, म्हणून जीपा झाल्या. काठमांडू बुडणार म्हणून निम्मे लोक कुरकुरले, पण साहेबानं सगळे जानरावांच्या ताब्यात दिले होते, आणि जानराव जिथं जाणार तिथं ताबा जाणार. मग दुसऱ्या दिवशी दिवसभर धूळ, दगड, एका बाजूला दरी. झाडं संपली, गवत संपलं, उरले उघडे तांबूस डोंगर. वच्छलाबाईंनी डोळे मिटून मारुतीचं नाव घेतलं, कारण मुक्तिनाथाशी अजून ओळख नव्हती.

मुक्तिनाथला देवळामागं गोमुखांची अर्धगोल रांग आहे. एकशे आठ धारा, बर्फ वितळून आलेलं पाणी. उन्हाळ्यात अंगणातल्या हौदाचंही पाणी उकळणाऱ्या मुलखातून आलेली माणसं तिथं पोचली, आणि पहिल्या धारेला बोट लावून सगळी मागं सरली. जानराव तेवढे धोतर खोचून पुढं झाले. चार धारा घेतल्या आणि त्यांची वाचाच गेली. धर्मेंद्रनं त्यांना आपल्या जॅकेटमध्ये गुंडाळून कठड्यावर बसवलं.

रुख्मिणीबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्या धारेखाली गेल्या. डोकं खाली, मुखी नाव. पण देवाचं नाव नव्हतं ते.

"रामराव," त्या म्हणाल्या. पुढची धार. "दुर्गाबाई." पुढची धार. "शेखर."

"हे काय वं?" जानरावांची वाचा परत आली.

"जेवले ना ते? आपल्याच पाया पडून गेले. त्यायचं त्यायले पोचवून राह्यली."

एका धारेला एक जेवणारा. वच्छलाबाई, ज्या अजून कोरड्या होत्या, म्हणाल्या, "एवढी मान्सं जेवली?" गाव जेवलं होतं हो. धारा संपल्या आणि गाव उरलं. रुख्मिणीबाईंचे ओठ निळे, दात वाजतायत. त्या परत पहिल्या धारेकडे वळल्या.

"बस कर वं, मरशीन," जानराव ओरडले. "बाकीच्यायनं वांगं खाल्लंच नाही. नुसता वरन-भात खाल्ला त्यायनं!"

"रोडगा तं खाल्ला ना?"

 जानराव जॅकेट सोडून उठले, दुसऱ्या टोकाला जाऊन शेवटच्या धारेखाली डोकं घातलं आणि तिथून ओरडले, "उत्तमराव मी घेतला. तू मनोजपासून घे." एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं हे, मधे उरलेलं तिवसा. धर्मेंद्र जीपा सुटतील म्हणून शिट्टी मारत होता. शेवटी त्याच्या लक्षात आलं की हे संपल्याशिवाय कुणी हलणार नाही. त्यानं शिट्टी खिशात घातली, बूट काढले आणि विचारलं, "काकू, मधली नावं सांगा, मी घेतो."